पहिल्या फटक्यानंतर

ताई : भरती सकाळीच चढायला लागते. त्याआधी खडकांमधली ती अरुंद वाट पार करायची. नाहीतर दिवसभर पलीकडे अडकून पडू. तिथे ना सावली, ना प्यायला पाणी.

भावजी : म्हणजे असं की, अंधारात निघायचं.

ताई : उजाडताना. पायाखालचं दिसतं तेवढ्या उजेडात. अहो, तो कप उचला आधी नकाशावरून. अख्खा कडा भिजवलात.

भावजी : पुसतो, पुसतो. हे बघ, काठ्या आणल्यात मी. खाली लोखंडी टोक आहे. ओल्या खडकावर अजिबात सरकत नाही म्हणे. हातात धरून बघ, चांगली वजनदार आहे.

ताई : मोठ्या दुर्बिणीची काच बसवलीत?

भावजी : बसवली. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासायच्या आणि स्वतःच्या दुर्बिणीला दोन वर्षं हात लावायचा नाही, असं झालं होतं माझं. आता समोरच्या गच्चीवरच्या दोरीचा पीळसुद्धा दिसतो.

चिमण्या : काठ्या दोनच आणल्यात, भावजी?

ताई : चिमण्या. तू कधी आलास?

चिमण्या : दार नुसतं लोटलेलं होतं. तीन माणसांत दोन काठ्या कशा पुरायच्या?

भावजी : ये ना, बस. चहा टाकू तुला?

चिमण्या : नको. ताई, नकाशा कशाला गुंडाळतेस? बघू दे की. बाबांचाच ना? घडीवरची चिकटपट्टी मीच लावलेली.

ताई : बघ. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

चिमण्या : पहिल्या दिवशी दीपगृहाकडे? कशाला? वारा समुद्रावरून असेल तर पहिल्या दिवशी सरळ काटेरी झुडपांकडे जायचं. रात्रभर उडून आलेले असतात बिचारे पक्षी, पहिली हिरवी फांदी दिसली की तिच्यावर पडतात. हात लावला तरी उडत नाहीत. दुपारपर्यंत दम खातात आणि आत निघून जातात. दीपगृह दुपारी करा. ससाण्याची जोडी कुठे पळून जात नाही.

भावजी : हे बरोबर आहे याचं.

चिमण्या : बरोबर असणारच. लहानपणापासून जातोय. थंडी ओसरली की आपण जातो, बाबा होते तेव्हापासून. मी आत होतो तेव्हा तुम्ही गेला नाहीत, ते मला कळलं. बरं वाटलं होतं. पण आता मी बाहेर आहे. मला फोन का नाही केलास?

ताई : यंदा आम्ही दोघंच जातोय.

चिमण्या : का?

ताई : तुला माहीत आहे का ते.

चिमण्या : माहीत असतं तर वर्कशॉपमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो असतो? तिथे काय चालतं माहीत आहे? सुटून आलोय म्हणून माझ्या शेजारी कोणी डबा खात नाही. एवढा उंच, दारात वाकून येणारा माणूस मी, जेवायला मात्र गॅसच्या टाक्यांमागे जाऊन बसतो. वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली की बरं वाटतं, कुणाचं तोंड दिसत नाही. थंडी सरायची वाट बघत होतो मी. दुसरं काही नव्हतं डोक्यात.

भावजी : अरे, तुझं खरं आहे. म्हणजे असं की...

ताई : तुम्ही मध्ये पडू नका. चिमण्या, पुढच्या वर्षी बघू.

चिमण्या : राहणार कुठे? दीपगृहाजवळच्या खोल्या बंद झाल्यात, मी चौकशी केली होती.

ताई : दुसरी मिळाली आहे.

चिमण्या : कुणाकडे?

भावजी : अगं, सांगून टाक. आज ना उद्या कळायचंच आहे त्याला.

चिमण्या : कुणाकडे, ताई?

ताई : त्याच्याकडे. जाळीवाल्याकडे.

चिमण्या : कुठला जाळीवाला?

ताई : आपल्या ओळखीचा एकच जाळीवाला आहे. ज्याचा गुडघा तू फोडलास तो.

चिमण्या : थट्टा करतेस.

ताई : नाही.

चिमण्या : भावजी, ही थट्टा करतेय ना? ज्यानं तुमचे दोन दात पाडले त्याच्या घरात झोपणार तुम्ही? त्याच्या हातचं खाणार?

भावजी : दोन नाही, दीड. एक अर्धा जागेवर राहिला होता.

चिमण्या : हसू नका. मला हसवू नका आत्ता. हा तुम्हाला भेटला कुठे?

ताई : मला भेटला. त्याच्या गावात गुडघ्याची शस्त्रक्रिया होत नव्हती, म्हणून आमच्याच हॉस्पिटलात आणलेला. प्लास्टर कापायला माझ्यासमोर आणून बसवला. त्या दिवशी प्लास्टर रूममध्ये मी एकटी. माझ्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, बोटांत जोर नाही. करवत डाव्या हातानं धरली आणि कापायला लागले, आणि तो मला आईवरून शिव्या देत होता.

चिमण्या : आणि तू ऐकून घेतल्यास.

ताई : करवतीचा आवाज किती असतो. निम्म्या ऐकूच आल्या नाहीत.

चिमण्या : मग?

ताई : मग काय. गुडघा वाकेना. पुन्हा पुन्हा यावं लागलं त्याला. हळूहळू शिव्या कमी झाल्या. एकदा म्हणाला, बाई, तुम्ही माझ्या अंगावर पडला नसतात तर त्यानं तो दुर्बिणीचा स्टँड माझ्या डोक्यात घातला असता.

चिमण्या : म्हणजे आता देवमाणूस झाला तो.

ताई : अजिबात नाही. तोंड अजून गटार आहे त्याचं. जाळी लावत नाही, कारण पाय वाकत नाही आणि कडा चढवत नाही. चढवला असता तर आजही लावली असती, पक्षी पिंजऱ्यात कोंबून विकले असते. आता एक खोली भाड्यानं देतो आणि येणाऱ्यांना खालूनच हात करून दाखवतो, तिकडे बघा, तिकडे उतरतील.

चिमण्या : मी तुमच्यासाठी आत गेलो. आणि तुम्ही त्याला खोलीचं भाडं देणार.

ताई : आमच्यासाठी गेलास?

चिमण्या : मग कुणासाठी? जाळीत पक्षी लटकत होते. उलटे. काहींच्या माना मोडलेल्या. भावजी नखं कापायच्या कात्रीनं एकेकाला सोडवत होते. तो आणि त्याचा जोडीदार मागून आले आणि त्यानं दांडकं घातलं यांच्या तोंडावर. न बोलता, न विचारता. मी काय करायला हवं होतं? शिट्टी वाजवायची होती?

ताई : एकदा मारायला हवं होतंस.

चिमण्या : आलीस फिरून तिथेच. कोर्टातही हेच.

ताई : कोर्टात मला विचारलं, पहिल्या फटक्यानंतर तो माणूस उठला का. उठला नव्हता. मी नाही म्हणाले.

चिमण्या : सख्खी बहीण.

ताई : हो.

चिमण्या : दांडकं होतं त्याच्या हातात.

ताई : नव्हतं. ते गडगडत कड्याखाली गेलं होतं. जोडीदार पळून गेला होता. तो पालथा पडला होता आणि तू दुर्बिणीचा स्टँड दोन्ही हातांनी धरून घालत होतास. गुडघ्यावर. एकाच जागी. सरपण फोडतात तसा. मी त्याच्यावर जाऊन पडले तरी तुझा हात थांबला नाही.

चिमण्या : तू मध्ये आलीस ते मला दिसलं नाही. शंभर वेळा सांगितलंय.

ताई : दिसलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग मारलंस. मनगट माझं आहे, मला माहीत आहे.

चिमण्या : बाबा असते तर म्हणाले असते, पोरानं बरोबर केलं.

ताई : म्हणाले असते. त्यांचं काय सांगतोस? संध्याकाळी पट्ट्यानं तुझी पाठ सोलायची आणि सकाळी तुलाच खांद्यावर घेऊन कडा चढायचा, ससाणा दाखवायला. तुझा एक डोळा सुजून बंद, आणि तू दुसऱ्यानं दुर्बिणीत बघत हसायचास. मी तोंड फिरवायचे ते बघून.

चिमण्या : ससाणा दिसायचा म्हणून हसायचो.

भावजी : झालं आता. चिमण्या, ऐक. हिच्यावर राग नको काढू. हे मी ठरवलं. हिची इच्छाच नव्हती.

चिमण्या : तुम्ही ठरवलंत?

भावजी : मी. म्हणजे असं की, मला धड झोप लागत नाही. रस्त्यात मागे कुणाची पावलं वाजली की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो. गिऱ्हाईक पाठीमागून बोललं की हातातली काच सुटते. मालक चांगला म्हणून ठेवलंय मला अजून. तर मला एकदा तिथे जाऊन त्या माणसासमोर बसायचंय. चहा प्यायचा, तोंड बघायचं त्याचं. बास.

चिमण्या : मग मला न्या. मी बसतो शेजारी. हूं की चूं करणार नाही तो.

भावजी : तेच नको ना.

चिमण्या : तेच म्हणजे काय?

भावजी : त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण झोपेत तो नाही येत रे. तू येतोस.

चिमण्या : काय म्हणालात?

ताई : अहो, पुरे.

भावजी : नाही, एकदा बोलू दे मला. त्यानं मला एक दांडकं मारलं. दात गेले, नवे बसवले, झालं. पण तू मारत होतास त्याचा आवाज... भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा. आधी कडक होता, मग मऊ व्हायला लागला. तो जात नाही कानातून. आणि तू मला म्हणत होतास, भावजी, बघा. बघा. जसं काही मीच मागवलं होतं ते.

चिमण्या : मागवलं नव्हतं? खाली पडून रडत कोण होतं? रक्त आणि लाळ गाळत, चिमण्या, चिमण्या, कोण करत होतं?

भावजी : मी तुला थांबवत होतो.

चिमण्या : खोटं.

भावजी : थांब म्हणता येत नव्हतं. तोंडात पडलेले दात होते. नुसतं तुझं नाव निघत होतं.

चिमण्या : खोटं बोलतोस. साल्या, तुझ्यासाठी मी संडासाशेजारी झोपलोय. तुझ्यासाठी मार खाल्लाय आत.

ताई : चिमण्या, मागे हो. दुर्बिणीला हात लावू नकोस.

चिमण्या : ही घेऊन जाणार त्याच्याकडे? ही? घे. बघ आता काय दिसतं ते.

भावजी : अरे, काच... अरे, किती दिवस घासली होती ती.

ताई : गोळा करत बसू नका. हात कापेल. माझ्या मागे या. अहो, उठा तिथून.

चिमण्या : तू कुठे चाललास? इकडे बघ. मी तुला थांबवत होतो, असं परत म्हण.

भावजी : चिमण्या, तुला मी...

चिमण्या : म्हण ना. काय झालं? म्हण.

ताई : चिमण्या, त्यांचा गळा सोड. ऐक माझं. त्यांचे ओठ काळे पडतायत. मी उगाच सांगत नाही, मला कळतं त्यातलं. सोड.

चिमण्या : आधी खरं बोलू दे त्याला.

ताई : श्वास नाही त्यांना, बोलणार कुठून? हात काढ. आता शेवटचं सांगतेय.

चिमण्या : काठी ठेव खाली, ताई. तुला जमायचं नाही ते.

(काठी बसल्याचा आवाज. जड माणूस कोसळल्याचा आवाज. मग पुन्हा काठीचा.)

भावजी : बस. अगं, बस. पडलाय तो. खाली पडलाय. दे इकडे ती.

ताई : तुमचा गळा.

भावजी : ठीक आहे. बोलतोय ना मी? ठीक आहे. बोटं सोड काठीवरची. एकेक. अशी.

चिमण्या : हाड गेलं. ताई, हाड गेलं माझं. आवाज आला मला.

ताई : हलू नकोस. कुठे?

चिमण्या : हे. गळ्याखालचं.

ताई : बघू. हात पोटाशी धर. दुसऱ्या हातानं कोपर उचलून धर, असं. हो, मोडलंय. कातडी फुटलेली नाही. बोटं हलव. सगळी हलव. बरं. श्वास घे मोठा.

चिमण्या : नाही घेता येत. मागे कळ येते.

ताई : बरगडी आहे ही.

चिमण्या : ते दुसरं. खाली पडल्यावरचं.

ताई : माहीत आहे मला.

चिमण्या : पहिल्यानंतरच सोडलं होतं मी त्यांना. हात सुटले होते.

ताई : माहीत आहे म्हटलं ना. बोलू नकोस, दुखेल. अहो, कपाटातली जुनी चादर आणा. फाडा मधोमध. जोर लावा, फाटते ती.

भावजी : ही घे. गाठ मी मारू का? तुझ्याकडून बसत नाहीये.

ताई : मारा. मानेवर नको, खांद्याच्या बाजूला. चिमण्या, उठायचं आता. यांच्या कमरेला धर. काचा आहेत, बघून पाऊल टाक.

चिमण्या : भावजींना नको. मी उठतो.

ताई : एकट्यानं उठता यायचं नाही. धर म्हणते ना.

भावजी : धर. गाडी दारातच आहे.

चिमण्या : डोळ्यांपुढे काळं येतंय.

ताई : मागच्या सीटवर आडवा होऊ नकोस. टेकून बस. मी आहे बाजूला. चला, घ्या गाडी.

भावजी : पुढे खड्डा आहे. सांभाळ.

चिमण्या : आई गं. हळू घ्या ना.

भावजी : हळूच घेतोय.

चिमण्या : गळा दुखतो का?

भावजी : गिळताना.

चिमण्या : भावजी, मला खरंच वाटत होतं तुम्ही मला...

भावजी : आत्ता नको. चिमण्या, तुझा आवाज नको आहे मला आत्ता. पुढे कधी बोलायचं ते बोलू. गाडी चालवू दे.

ताई : हॉस्पिटलच्या मागच्या फाटकानं घ्या. तिथून एक्स-रे जवळ आहे. इथे, या झाडाखाली थांबवा. व्हीलचेअर मोकळी झाली की नेऊ, दोन पेशंट पुढे दिसतायत.

चिमण्या : विचारतील कसं झालं. जिन्यावरून पडलो म्हणतो.

ताई : पुढून एक हाड, मागून एक बरगडी, आणि कातडीवर काठीचे दोन वळ. असा कुठला जिना असतो? रोज बघते मी असले जिन्यावरून पडलेले. मी सांगेन काय झालं ते.

चिमण्या : काय सांगशील?

ताई : पहिली का मारली ते. आणि मग दुसरी मारली ते.

चिमण्या : अगं, पोलिसांना कळवतील. नोकरी करतेस इथे. सगळे ओळखतात तुला.

ताई : तुझ्या वेळी सांगितलं. आता माझ्या वेळी गप्प बसू?

भावजी : मग माझा गळाही बघतील. तुझ्या बोटांचे ठसे आहेत त्यावर, चिमण्या.

चिमण्या : म्हणजे मी परत आत.

भावजी : मला माहीत नाही. मी तुझ्या विरुद्ध म्हणून काही बोलणार नाही. पण विचारलं तर खोटं सांगणार नाही, तुझ्यासाठी नाही आणि हिच्यासाठीही नाही.

चिमण्या : ठीक आहे.

ताई : दुखतंय फार?

चिमण्या : श्वास घेतला की.

ताई : थोडा थोडा घे. वरवरचा.

भावजी : मग त्याला फोन करू का? खोली नको म्हणून?

ताई : नको. तुम्ही जा.

भावजी : एकटा?

ताई : तुमचं काम त्याच्याशी आहे, माझं नव्हतंच. दुर्बीण नसली तर नसली. झुडपांपाशी नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. हा सांगत होता तसं करा, आधी झुडपं, मग दुपारी दीपगृह.

भावजी : आणि तू?

ताई : मला नाही जमणार. हे हात बघा. मघापासून असेच आहेत. गाठही तुम्हाला मारावी लागली.

भावजी : पाणी आणतो मी. आत कूलर आहे ना? बसा दोघं.

चिमण्या : मांडीखाली दाबून धर. बरं वाटतं तेवढ्यापुरतं.

ताई : दाबले तरी हलतायत. चिमण्या.

चिमण्या : काय?

ताई : तुझे किती दिवस थरथरत होते? तेव्हा, कड्यावरून आल्यावर.

चिमण्या : माझे नाही थरथरले, ताई.